हरणांच्या कलिंगचं कंत्राट: नगावर पैसे घ्यावेत की वर्षाची ठरावीक रक्कम?

रानपाखरू
स्कॉटलंडमध्ये आर्गाइल भागातल्या एका खासगी जंगलाच्या हरीण-कलिंगचं (संख्या आटोक्यात ठेवायला हरणं मारण्याचं) कंत्राट ठरवायचं आहे. क्षेत्र १,४०० हेक्टर, बहुतेक सिट्का स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं. त्यातले सुमारे ३०० हेक्टर तोडणीनंतर नुकतेच पुन्हा लावलेत आणि हरणं तिथेच रोपांचे शेंडे खुडतात. वर्षाचं लक्ष्य तीन जातींची मिळून १०० हरणं: ४५ रो, ४० लाल हरणं, १५ सिका. जंगल राहत्या घरापासून ३० मैलांवर.

मालकाचे दोन प्रस्ताव आहेत.
अ) नगाला ५५ पौंड, आणि धडं कंत्राटदाराची. गेम डीलरला (शिकारीचं मांस घेणाऱ्या व्यापाऱ्याला) विकून येईल ते आपलं.
ब) वर्षाला सरसकट १४,००० पौंड. धडं मालकाची, चिलर (धडं थंड ठेवायची खोली) मालकाचा.

वरवर पाहता मांसाचे पैसे धरून अ बराच जवळ येतो. डीएससी २ (हरीण-शिकारीचं दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र) आणि फायरआर्म सर्टिफिकेट (बंदुकीचा परवाना) आहे, रायफल आहे. बाकी सामान घ्यायचंय. जाणकारांनी हिशोब करून सांगावं.

कोथळीगड
एकच गोष्ट आधी विचारा: मारलेलं जनावर गाडीपर्यंत कसं येणार? या धंद्यात गोळी स्वस्त आणि ओढणं महाग. नकाशावर रस्ते किती, तोडणीनंतरचा फांद्यांचा पाला-कचरा किती भागात पसरलाय, क्वाड (चार चाकांची उघडी छोटी गाडी) कुठवर जातो, हे बघितल्याशिवाय कुठलाच आकडा बोलू नका.

हिशेबनीस
दोन्ही प्रस्ताव मांडून बघू. भाव अंदाजाने धरलेत, आपापल्या भागाप्रमाणे बदला.

अ ची जमा: १०० × ५५ = ५,५०० पौंड. मांस: लाल हरणं ४० × सरासरी ४५ किलो × २.२० = ३,९६०. सिका १५ × २८ किलो × २ = ८४०. रो ४५ × १३ किलो × २.६० = १,५२१. एकूण ६,३२१. यातून ८ टक्के तरी वजा करा, कारण एखादी गोळी मागे लागून मांडी जाते, एखादं धड तपासणीत नाकारलं जातं. राहिले सुमारे ५,८१५. म्हणजे अ = ११,३१५ पौंड.

आता खर्च, वर्षाचा:
रायफल, दुर्बीण, मॉडरेटर (आवाज दाबणारी नळी) मिळून ४,००० चे, आठ वर्षांत वाटले तर ५००. थर्मल स्पॉटर आणि थर्मल साइट (अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी दुर्बीण आणि तसंच रायफलवरचं साधन) ५,००० चे, चार वर्षांत १,२५० (इलेक्ट्रॉनिक माल आहे, चारच वर्षं धरा). क्वाड आणि ट्रेलर ९,००० चे, सहा वर्षांत १,५००, वर टायर-सर्व्हिसिंग ५००. चिलर ५,००० चा, दहा वर्षांत ५००, वीज ६००. विमा ७००. कपडे, बूट, सुऱ्या, हातमोजे ४००. अकाउंटंट ४००. सॅटेलाइट बीकन आणि फोन २००. फायरआर्म सर्टिफिकेटचं नूतनीकरण फेब्रुवारी २०२५ पासून १३१ पौंड झालंय, पाच वर्षांत वाटलं की सुमारे २५. बेरीज ६,५७५.

चालू खर्च: ८० दिवस × ६० मैल × ४५ पेन्स = २,१६०. काडतुसं ५५०. क्वाडचं पेट्रोल २५०. अ मध्ये आतडी, डोकी, पाय यांची विल्हेवाट २००.

अ: ११,३१५ − ९,७३५ = १,५८० पौंड. दिवसाला २०.
ब: चिलर, वीज आणि विल्हेवाट वगळून खर्च ८,४३५. उरले ५,५६५. दिवसाला ७०.

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्या माणसाचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. नऊ तासांचे होतात ११०. म्हणजे ब सुद्धा परवडत नाही.

रानपाखरू
८० दिवस कुठून आले? सकाळ-संध्याकाळ धरली तर ५० दिवसांत १०० जनावरं व्हायला हवीत ना?

दुर्बीण
नाही होत. सगळ्या चुका इथेच होतात. १०० जनावरांना सरळ १०० फेऱ्या लागतील असं धरणारा पहिल्याच वर्षी अडकतो.

सुरुवातीला हरणं बेसावध असतात, मोकळ्या पट्ट्यांवर चरतात. पहिली ५० जनावरं ४५ फेऱ्यांत होतील. पुढच्या ३० ना ५५ फेऱ्या. शेवटच्या २० ना ५०, कारण राहिलेली जनावरं शिकलेली असतात: गाडीचं दार वाजलं की आत, दाट स्प्रूसमध्ये. म्हणजे १५० फेऱ्या. दोन फेऱ्यांचा एक दिवस धरला तरी वाऱ्या-पावसाने, धुक्याने काही दिवस एकाच फेरीचे होतात. हिशेबनीसांचे ८० दिवस रास्त आहेत.

शिवाय ऋतू. लाल आणि सिका माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, जेमतेम ११८ दिवस. रो माद्यांचा ३१ मार्चपर्यंत. नरांचा बंद हंगाम स्कॉटलंडने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढून टाकला, ते वर्षभर चालतात. पण संख्या आटोक्यात येते ती माद्यांमुळे, त्यामुळे खरं काम त्या चार महिन्यांतच. डिसेंबरात उजाडतंच पावणेनऊच्या सुमारास आणि पावणेचारला सूर्य गेलेला असतो, दोन्ही फेऱ्या नऊ तासांत बसतात. जूनमध्ये रो नरांसाठी पहाटे तीनला निघून रात्री अकराला परत. त्या दिवसाचा दर डिसेंबरच्या दिवसाएवढा कसा धरणार?

तांबडीमाती
हिशेबनीस, पिकअप कुठे आहे यादीत? तीस हजारांची गाडी विसरलात.

हिशेबनीस
विसरलो नाही. मैलामागे ४५ पेन्स धरले की त्यात गाडीची झीज, इंधन, विमा सगळं आलं. पहिल्या १०,००० मैलांना ४५, पुढे २५. मैलाचा दर घ्यायचा की गाडीचा प्रत्यक्ष खर्च, हे पहिल्याच वर्षी ठरवा. त्या गाडीवर एकदा भांडवली सूट (गाडीची किंमत करपात्र नफ्यातून वजा करणं) घेतली की मैलाच्या दराकडे वळता येत नाही.

आणि हे नवीन आहे, लक्षात ठेवा: ६ एप्रिल २०२५ पासून डबल कॅब पिकअपला भांडवली सुटीसाठी व्हॅन न मानता कार मानतात. आधी पूर्ण किंमत पहिल्या वर्षी वजा व्हायची, आता डिझेल डबल कॅबवर वर्षाला ६ टक्के. सिंगल कॅबला हा नियम नाही.

व्हॅटचंही सांगतो. कलिंगची सेवा २० टक्क्यांत, मांस खाद्य म्हणून शून्य टक्क्यात. पण व्हॅट-नोंदणीची ९०,००० ची मर्यादा मोजताना दोन्ही धरतात. एका कंत्राटाला चिंता नाही, चार कंत्राटं आणि मांसाची विक्री झाली की बघा. एप्रिल २०२६ पासून ५०,००० च्या वर ढोबळ उत्पन्न असेल तर दर तिमाहीला डिजिटल हिशोब पाठवावा लागतो, तेव्हा पावत्या आत्तापासून नीट ठेवा.

कोथळीगड
आता ओढण्याचं. रो १३ किलोचं, खांद्यावरच्या झोळीत येतं. लाल मादी कोथळा काढल्यावरही पन्नासच्या आसपास, एकट्याने दोरीला बांधून सपाटीवर १०० मीटर ठीक. पण तोडणी झालेल्या जमिनीवर खोडांचे बुंधे, त्यात पाण्याने भरलेले खड्डे, वर फांद्यांचा कमरेएवढा थर. तिथे ४०० मीटरला दीड तास जातो आणि पाठ जाते ती वेगळी. क्वाड तिथे उलटतो. आठ चाकी आर्गोकॅट जातो, पण तो नवा घेतला तर क्वाडच्या दुप्पट-तिप्पट पैसे आणि दुरुस्ती महाग.

म्हणून गोळी मारण्याआधीच ओढायची वाट ठरलेली हवी. नाल्यापलीकडचं जनावर कितीही सोपं दिसलं तरी सोडायचं. अ प्रस्तावात अशी जनावरं सोडली तर नगाचे पैसे बुडतात, म्हणून माणूस मारतो आणि मग अर्धा दिवस घालवतो. नगावरच्या पैशाचा हा मोठा दोष.

कोथळ्याबद्दलही. जनावर पडल्यावर लवकर, रक्त निथळल्यावर, अन्ननलिका गाठ मारून बंद करायची आणि मगच पोट उघडायचं. गाठ सैल राहिली की जठरातला हिरवा रस छातीत सांडतो आणि गेम डीलर वजनातून नाही, सरळ भावातून कापतो. आतडी काढताना गाठी तपासा: घशामागच्या, फुप्फुसाजवळच्या, आतड्यांच्या पडद्यातल्या. सुजलेल्या किंवा पू असलेल्या दिसल्या तर ते धड विक्रीला जात नाही आणि क्षयाचा संशय असेल तर कळवावंच लागतं. प्रत्येक धडावर प्रशिक्षित शिकाऱ्याचं लेबल: तारीख, वेळ, जागा, आणि गोळीआधी वागण्यात काही वावगं दिसलं नाही, हे लिहून. आणि आतलं तापमान ७ अंश सेल्सियसवर किंवा खाली.

खमंग
सगळे गेम डीलरलाच का देताय? स्वतः कापून, पॅक करून विका. रो च्या १३ किलो धडातून ७ किलो तरी बिनहाडाचं मांस निघतं. १२ पौंड किलोने ८४ झाले. डीलर ३४ देतो. ४५ रो म्हणजे सव्वादोन हजार जास्त. मग अ चांगला.

कोथळीगड
@खमंग, आकडा बरोबर, पण त्यात कष्ट धरले नाहीत. कातडं काढणं, सोडवणं, व्हॅक्यूम पॅकिंग, लेबल, धुणं: रो ला दोन तास. ४५ रो ना ९० तास. त्यावर धुता येणाऱ्या भिंतींची खोली, गरम पाणी, कौन्सिलकडे खाद्य व्यवसायाची नोंदणी, आणि स्कॉटलंडमध्ये व्हेनिसन (हरणाचं मांस) डीलरचा परवाना. सव्वादोन हजारांना ९० तास म्हणजे तासाला २५, त्यातून पॅकिंग, वीज, डिलिव्हरी वजा. धंदा म्हणून वाईट नाही, पण तो खाटकाचा धंदा झाला, वेगळा मांडा. कलिंगचं कंत्राट त्याच्या भरवशावर स्वस्तात घेऊ नका.

खमंग
हे मान्य. पण मांसाचा भाव वाढला तर फायदा मालकाला जाईल.

हिशेबनीस
आणि पडला तर तोटाही मालकालाच. २०२० मध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा व्हेनिसनची मागणी एकदम खाली आली, ज्यांची सगळी कंत्राटं मांसावर उभी होती ते अडकले. मांसाचा धोका ज्याच्याकडे जमीन आहे त्यानेच घ्यावा.

दुर्बीण
काडतुसांवर थोडं. हिशेबनीसांनी ५५० धरलेत, म्हणजे २० च्या दहा पेट्या, ५५ ने. १०० जनावरांना १३० गोळ्या, उरलेल्या झीरो करायला, म्हणजे नेम जुळवायला. हे तांब्याच्या गोळीचे भाव आहेत. शिशाची स्वस्त पडेल असं वाटेल, पण सरकारी जंगलांनी शिसं बंद केलंय, बरेच डीलर शिशाने मारलेलं घेत नाहीत, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने मोठ्या बोअरच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी जाहीर केली, तीन वर्षांच्या मुदतीने. आता सामान घेताना तांबंच धरा.

रायफल .२४३ कॅलिबरची असेल तर हे वाचाच. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) तांब्याची गोळी .२४३ च्या नेहमीच्या दहा इंचाला एक वळण असलेल्या नळीत स्थिर राहत नाही, लक्ष्यावर आडवी लागते. स्कॉटलंडमध्ये लाल हरणाला किमान १०० ग्रेनची अट होती, ती २०२३ मध्ये ८० वर आणली ती याचसाठी. ८० ग्रेन तांबं .२४३ मधून छान जातं. पण हळू गोळी तांब्याला चालत नाही, टोक उमलायला वेग लागतो. लांब पल्ल्यावर वेग पडला की गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर २०० मीटर पळून दाट झाडीत पडतं. मग कुत्रा नसेल तर अर्धा दिवस गेला. लांबून मारण्याचा मोह टाळा. जंगलात तशी नजरही पोचत नाही.

शिशावरून तांब्यावर जाताना नळी आधी नीट घासून काढा, नाहीतर गोळ्या विखुरतात आणि दोष दुर्बिणीला जातो.

थर्मल स्पॉटर मात्र घ्याच. झाडीच्या कडेला निजलेलं रो पहाटे दुर्बिणीतून करड्या दगडासारखं दिसतं, थर्मलमध्ये दिवा लागल्यासारखं. १५० फेऱ्या त्यामुळेच १५० राहतात. रात्री मारण्यासाठी मात्र नेचरस्कॉट या स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गसंस्थेची वेगळी परवानगी लागते. कायद्याने सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास ही रात्र.

मृगनक्षत्र
पैशाच्या बोलण्यात मधेच येते. इतकी देखणी जनावरं मारायची, आणि त्याचा नगावर भाव? मन धजावत नाही.

कोथळीगड
@मृगनक्षत्र ताई, प्रश्न योग्यच आहे. ब्रिटनमध्ये लांडगा नाही, लिंक्स नाही, हरणांना खाणारं कोणी उरलं नाही. संख्या सुटली की नवी झाडं उगवत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात हरणंच उपाशी मरतात. ती मरणं हळू असतात. म्हणून नेमकी गोळी, आणि मादीसोबत पाडस असेल तर पाडसाला मागे सोडायचं नाही, दोन्ही घ्यायची. ही अट पाळायचीच.

यात पैशाचाही मुद्दा आहे. काही मालक पाडसाला नग मानत नाहीत. नगावरचं कंत्राट असेल तर 'पाडसं पूर्ण नग' असं लिहून घ्या. ज्या करारात पाडसाचे पैसे नाहीत तो माणसाला पाडस सोडून द्यायला लावतो.

मृगनक्षत्र
हे माहीत नव्हतं. मग खरंच नगाचा हिशोबच चुकीचा वाटतो.

हिशेबनीस
अगदी. नगावर पैसे घेणारा सोपी जनावरं आधी मारतो: रस्त्याकडेचे रो, एकटे फिरणारे नर. मालकाला हवी असते मादी, तीही रोपांच्या ३०० हेक्टरमधली. १०० चा आकडा भरतो आणि शेंडे खुडलेलेच राहतात. म्हणून करारात आकड्याबरोबर नुकसानीची मोजणी हवी. वसंतात ठरलेल्या ओळींत रोपं मोजायची, मुख्य शेंडा खुडलेली रोपं किती टक्के ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक मालक समाधानी असतात.

पैनगंगेकाठी
विदर्भात रोही आणि रानडुक्कर पीक खातात, आमच्याकडेही असं कंत्राट चालेल का? तूर हाती येईपर्यंत अर्धी गेलेली असते.

दुर्बीण
आधी एक फरक: रोही म्हणजे नीलगाय कुरंग कुळातली, पोकळ शिंगांची, ती शिंगं कधी गळत नाहीत. लाल हरीण, रो आपल्या चितळ-सांबरासारखी सारंग कुळातली, भरीव शिंगं दरवर्षी गळतात.

पैशाचं उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी घेऊन मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे मांसाचं उत्पन्न शून्य. बिहारने डिसेंबर २०१५ मध्ये नीलगायीला उपद्रवी जाहीर करून घेतलं होतं आणि २०१६ मध्ये मोकाम्याला मोहीम झाली, पण तो पैसा सरकारी होता. इथल्यासारखा जमीनमालक, गेम डीलर, चिलर असा बाजार तिकडे नाही. तुमची तूर वाचवायला कुंपण आणि वेळेवर मिळणारी भरपाई याच वाटा उरतात, आणि भरपाईचा पंचनामा वेळेत व्हावा यासाठी भांडणं रास्त आहे.

दक्षिणध्रुव
न्यूझीलंडचं चित्र उलटं आहे. हरणं तिथली मूळची नाहीत, बंद हंगामच नाही. मोठं काम हेलिकॉप्टरने होतं, तेव्हा खर्चाचं एकक दिवस नसून उड्डाणाचा तास असतो, आणि त्या तासाला किती धडं उचलली यावर सगळं. तिथे सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे १०८० हे विष. ते टाकलेल्या भागातलं, किंवा जवळच्या टापूतलं जनावर ठरावीक काळ विकता येत नाही, आणि मांस विकणाऱ्या शिकाऱ्याची आधी नोंदणी लागते. कंत्राट घेण्याआधी विषाच्या वेळापत्रकाचा नकाशा बघतात.

तांबडीमाती
मग रानपाखरूने मागायचं किती? ते कोणी सांगितलंच नाही.

हिशेबनीस
दिवसाचा दर मागा. एकाच कंत्राटावर स्थिर खर्च टाकला तर कुठलाच दर पटणार नाही, म्हणून जवळच दुसरं तेवढंच कंत्राट घ्यायचंच असं धरा. मग चिलर आणि वीज वगळून या कंत्राटावर अर्धा स्थिर खर्च २,७३७ आणि चालू खर्च २,९६०, म्हणजे ५,६९७. दिवसाला २३० पौंडांनी ८० दिवस = १८,४००. उरले १२,७०३, दिवसाला सुमारे १५९, कर आणि नॅशनल इन्शुरन्सच्या आधी. अंगमेहनतीच्या, एकट्याने करायच्या, गोचिडीतून लाइम आजाराचा धोका असलेल्या कामाला हे जास्त नाही.

मालक म्हणेल नगाला १८४ पडतात. त्याला सांगा, मांसाचे पाच-सहा हजार त्याच्याकडेच जातात. ते वजा केले की सव्वाशेच्या आसपास येतं. शेंडा खुडलेल्या झाडाला दोन खोडं फुटतात आणि लाकडाचा भाव जातो, ते नुकसान चाळीस वर्षांनी तोडणीला दिसतं. १.८ मीटरचं हरीण-कुंपण ३०० हेक्टरला घालायचं म्हटलं तर त्याचा आकडा तो स्वतःच काढेल.

रानपाखरू
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिप्रस्ताव असा लिहितोय: पहिले ६५ दिवस मिळून १४,९५० पौंड, म्हणजे त्याच्या १४,००० च्या जवळ. त्यापुढचा प्रत्येक दिवस २३०, जास्तीत जास्त १५, मालकाच्या लेखी होकाराने. धडं मालकाची, चिलर मालकाचा, विल्हेवाट मालकाची. पाडसं लक्ष्यात पूर्ण मोजायची. एप्रिलमध्ये रोपांची मोजणी दोघांनी मिळून. बिल दर महिन्याला, वर्षअखेरीस नाही. काही राहिलं का?

कोथळीगड
वादळ. आर्गाइलला हिवाळ्यात स्प्रूस आडवे होतात आणि जंगलातल्या वाटा बंद पडतात, नेमक्या माद्यांच्या हंगामात. झाडं कापून वाट मोकळी करणं मालकाचं काम, आणि वाट बंद असलेले दिवस ६५ मधून वजा होणार नाहीत, असं लिहून घ्या. स्वतः करवत चालवून वाट मोकळी करायला जाऊ नका. पडलेल्या, ताणाखालच्या झाडाला वेगळं प्रशिक्षण लागतं आणि तुमचा विमा ते धरत नाही.

दुर्बीण
आणि चिलरचं तापमान मालकाच्या माणसाने रोज लिहून ठेवायचं. चिलर शुक्रवारी बंद पडला आणि सोमवारी कळलं तर त्या धडांचं नुकसान कोणाचं, हेही त्याच ओळीत टाका.

रानपाखरू
दोन्ही टाकतो. उद्याच पाठवतो.